साखरेच्या नफ्याचा धनी कोण?

१ फेब्रुवारी २०२३ रोजी अर्थसंकल्प मांडताना अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी सहकारी साखर कारखान्यांविषयी अवघ्या दोन वाक्यांची एक घोषणा केली. २०१६-१७ या आकारणी वर्षापूर्वी कारखान्यांनी ऊस उत्पादकांना दिलेल्या रकमा आता त्यांना खर्च म्हणून दाखविता येतील आणि त्यामुळे कारखान्यांना सुमारे १०,००० कोटी रुपयांचा दिलासा मिळेल, अशी ती घोषणा होती. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत नोकरदारांच्या प्राप्तिकराचे टप्पे पहिल्या पानावर होते. ही बातमी आतल्या पानात गेली. पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात मात्र तिचे स्वागत झाले. ते स्वाभाविकही होते, कारण अनेक वर्षे डोक्यावर टांगलेली एक तलवार या घोषणेने दूर झाली.

तथापि, ज्या प्रश्नातून हा वाद उभा राहिला, तो प्रश्न या घोषणेने सुटला असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. करापुरता तो मिटला. मूळ प्रश्न असा आहे की, साखर कारखान्यात वर्षाअखेर जी शिल्लक उरते, ती कोणाची? ऊस पिकविणाऱ्याची, भागधारकाची, ज्याच्या करातून भागभांडवल आणि कर्जाची हमी दिली गेली त्या सर्वसामान्य नागरिकाची, की खुर्चीवर बसलेल्या संचालक मंडळाची? या प्रश्नाचे उत्तर आपल्या कायद्याने वेगवेगळ्या वेळी वेगवेगळे दिले आहे आणि त्याच गोंधळात अनेकांचे उखळ पांढरे झाले आहे.

वादाची पार्श्वभूमी थोडक्यात समजून घेतली पाहिजे. उसाला हंगामापूर्वी केंद्र सरकार किमान वैधानिक दर जाहीर करीत असे. परंतु साखरेला पुढे काय भाव मिळेल हे हंगामापूर्वी कोणालाच ठाऊक नसते. म्हणून न्यायमूर्ती भार्गव आयोगाच्या शिफारशीनुसार १९७४ मध्ये ऊस नियंत्रण आदेशात ५-अ हे कलम आले. हंगाम संपल्यावर हिशेब करायचा आणि जो अतिरिक्त नफा उरेल त्याचा निम्मा वाटा ऊस उत्पादकाला द्यायचा, असे त्याचे सूत्र होते. महाराष्ट्रातील सहकारी कारखाने प्रत्यक्षात किमान दरापेक्षा बराच अधिक अंतिम दर देत आणि त्याला राज्य सरकारची मान्यता असे. प्राप्तिकर खात्याने नेमके यावर बोट ठेवले. किमान दरापर्यंतची रक्कम हा कच्च्या मालाचा खर्च; त्यावरची रक्कम म्हणजे सभासदांना केलेले नफ्याचे वाटप, म्हणून ती करपात्र, अशी खात्याची भूमिका होती. कारखान्यांचे म्हणणे असे की, ही उसाची किंमतच आहे. ती दिली नाही तर शेतकरी ऊस दुसरीकडे घालील किंवा गूळ करील.

५ मार्च २०१९ रोजी तासगाव तालुका सहकारी साखर कारखान्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. अधिक दरामध्ये नफ्याचा जो अंश मिसळलेला असेल, तेवढा अंश हे नफ्याचे वाटपच होय आणि तो खर्च म्हणून वजा करता येणार नाही. तो अंश किती, हे आकारणी अधिकाऱ्याने तपासावे, असा त्याचा आशय होता. या निकालावर तेव्हा पुष्कळ टीका झाली. परंतु कायद्याच्या चौकटीत तो तर्कशुद्धच होता. ज्या सूत्राने दर ठरला, त्या सूत्रातच नफ्याचा वाटा असे शब्द असतील, तर न्यायालयाने दुसरे काय म्हणावे?

आता यातून निघणारा निष्कर्ष पाहा. सभासद शेतकऱ्याला मिळालेली रक्कम हे नफ्याचे वाटप असेल, तर तो शेतकरी मालक ठरतो. कारण नफा मालकाला मिळतो, माल विकणाऱ्याला किंमत मिळते. हाच ऊस खासगी कारखान्याने याच दराने घेतला असता, तर तो सगळा खर्च धरला गेला असता आणि प्रश्नच आला नसता. म्हणजे शेतकरी मालक आहे, म्हणूनच कराची नोटीस आली. मग हाच मालक कारखान्याचा लिलाव होताना कोठे होता? कर आकारताना ज्याला मालक म्हटले, त्याला विक्रीच्या वेळी कोणी विचारले काय?

याचे उत्तर शोधायचे तर थोडे मागे जावे लागते. लोणी परिसरात विठ्ठलराव विखे पाटील यांनी गावोगाव हिंडून शेतकऱ्यांकडून भागाची रक्कम गोळा केली. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ पुण्याच्या गोखले संस्थेतून येऊन त्या कारखान्याचे अध्यक्ष झाले आणि वैकुंठभाई मेहता सरकारातून पाठीशी उभे राहिले. १९५० च्या अखेरीस प्रवरानगरच्या कारखान्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला. तत्पूर्वी त्याच नगर जिल्ह्यात खासगी कारखानदारी होतीच. शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेऊन ऊस पिकविणाऱ्या त्या कारखानदारीत ज्याची जमीन तोच मजूर झाला होता. प्रवरेचे महत्त्व केवळ एक कारखाना निघाला यात नाही. कच्चा माल पिकविणारा माणूस पक्क्या मालाच्या नफ्यावर हक्क सांगू शकतो, हे त्याने सिद्ध केले.

पुढे या प्रयोगाचा आराखडाच ठरून गेला. साधारणतः १० टक्के भांडवल शेतकरी सभासदांचे, ३० टक्के राज्य सरकारचे भागभांडवल आणि उरलेले ६० टक्के वित्तसंस्थांचे कर्ज. त्या कर्जालाही बहुधा सरकारचीच हमी. शंभर रुपयांच्या कारखान्यात सभासदाचे दहा, सरकारचे तीस. बारकाईने पाहिले तर सभासदाचे भांडवल दहावरच थांबत नाही. दर हंगामात प्रतिटन काही रुपये उसाच्या बिलातून परस्पर कापले जातात. कधी परतीची ठेव, कधी बिनपरतीची ठेव, कधी विकास निधी. ‘बिनपरतीची ठेव’ हा शब्द तयार करणाऱ्याच्या प्रतिभेला दाद दिली पाहिजे. जी परत मिळत नाही, तिला ठेव म्हणायचे कसे? पण शेतकऱ्याने तेही मान्य केले, कारण कारखाना आपला आहे असे त्याला वाटत होते. त्याच पैशातून शाळा, महाविद्यालये, रुग्णालये उभी राहिली, हेही खरे. ती आज कोणाच्या विश्वस्त संस्थांच्या नावावर आहेत, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

सरकारच्या तीस रुपयांपलीकडे आणखी एक गुंतवणूक आहे, जी कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. धरणे आणि कालवे सार्वजनिक पैशातून झाले. राज्याच्या एकूण लागवडीत उसाचे क्षेत्र लहान आहे, पण सिंचनाच्या पाण्यात त्याचा वाटा फार मोठा आहे. त्या पाण्याची खरी किंमत उसाच्या दरातही नाही आणि साखरेच्या भावातही नाही. दुष्काळी तालुक्यातील जो शेतकरी ज्वारी आणि तुरीवर गुजराण करतो, त्याच्याही कराचा पैसा त्या कालव्यात आहे. त्याला या नफ्यातून काय मिळते? हा प्रश्न ऊसपट्ट्यातील सभांमध्ये कोणी विचारीत नाही, म्हणून तो येथे नोंदवून ठेवतो.

इतके सार्वजनिक भांडवल ज्यात ओतले गेले, ते कारखाने बुडाले तेव्हा काय झाले? गैरव्यवस्थापन, क्षमतेपेक्षा अधिक कर्ज, उसाचा तुटवडा, नोकरभरतीतील राजकारण अशा अनेक कारणांनी कित्येक कारखाने डबघाईला आले. राज्य सहकारी बँकेचे कर्ज थकले. २००२ मध्ये आलेल्या सरफेसी कायद्याने बँकांना तारण मालमत्ता न्यायालयात न जाता विकण्याचा अधिकार दिला होता. त्याचा आधार घेऊन एकामागून एक कारखाने विक्रीस निघाले. विक्रीतून बँकेने आपले कर्ज जमेल तेवढे वसूल केले. सभासदाचे भाग शून्य झाले. सरकारचे भागभांडवलही त्याच रांगेत, सर्वांत शेवटी उभे होते. त्याचेही तेच झाले. सरकारने दिलेल्या हमीपोटी तिजोरीवर वेगळा भार पडला. यंत्रसामग्री आणि शेकडो एकर जमीन मात्र नव्या खासगी मालकाकडे गेली. अनेक ठिकाणी तो नवा मालक सहकाराच्याच राजकारणातून आलेला होता, हे त्या त्या तालुक्यातील शेंबडे पोरही सांगेल. राज्य सहकारी बँकेचे संचालक मंडळ मे २०११ मध्ये बरखास्त झाले. ऑगस्ट २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बँकेतील व्यवहारांबाबत गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला. कोण दोषी, हे न्यायालये ठरवतील. त्यावर येथे भाष्य नको. पण एखादा व्यवहार पूर्ण कायदेशीर असला तरीही तो न्याय्य असतोच असे नाही. दोन पिढ्यांनी प्रतिटन कपात सोसून उभारलेल्या कारखान्यावर त्या सभासदांना पहिला हक्क सांगता येऊ नये, ही कायद्यातील उणीव आहे.

आज राज्यात गाळप घेणाऱ्या सुमारे २०० कारखान्यांपैकी जवळजवळ निम्मे खासगी आहेत. खासगी कारखाना म्हणजे वाईट, असे म्हणण्याचे कारण नाही. काही खासगी कारखाने शेजारच्या सहकारी कारखान्यापेक्षा वेळेवर आणि चांगले पैसे देतात, म्हणून शेतकरी तिकडे ऊस घालतो. स्वतःचे भांडवल घालून, स्वतः जोखीम पत्करून ज्याने नफा मिळविला, त्याच्या नफ्याकडे वाकड्या नजरेने पाहण्याचा समाजवादी रोग आपल्याला नको. आक्षेप आहे तो भांडवल आणि जोखीम समाजाची, नफा मात्र एकाचा, या व्यवस्थेला.

महाराष्ट्राला असा प्रकार नवा नाही. गुहागरच्या किनाऱ्यावरील एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प ज्यांना आठवतो, त्यांना हे चटकन उमगेल. १९९३ च्या करारात कंपनीला भांडवलावर १६ टक्के परताव्याचे अभिवचन, वीज मंडळावर ९० टक्के वीज घेण्याचे बंधन आणि वर केंद्र सरकारची प्रतिहमी होती. स्वदेशी जागरण मंचाने तेव्हा जे इशारे दिले, त्यांची ‘विकासविरोधी’ म्हणून टर उडविली गेली. २००१ मध्ये मंडळाने ती महागडी वीज घेणे थांबविले, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेत एन्रॉनने दिवाळे काढले आणि २००५ मध्ये एनटीपीसी व गेल या सार्वजनिक कंपन्यांच्या साहाय्याने रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी कंपनी काढून तो प्रकल्प सावरावा लागला. नफा झाला असता तर तो ह्यूस्टनला गेला असता. तोटा झाला, तो येथेच राहिला. साखरेत ह्यूस्टन नाही, तालुक्याचे गाव आहे, एवढाच फरक.

पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत एकात्म मानवदर्शनावर चार व्याख्याने दिली. त्यांतील अर्थविषयक विवेचनात नेमका हाच मुद्दा आहे. उपभोगापेक्षा अधिक उत्पादन झाल्याखेरीज भांडवल उभे राहत नाही, हे ते स्पष्टपणे मान्य करतात. भांडवलशाहीत ती शिल्लक कारखानदाराच्या हाती राहते, साम्यवादात राज्याच्या हाती. दोन्हीकडे ती निर्माण करणाऱ्या श्रमिकाला सगळी मिळत नाही. म्हणून शिल्लक ठेवावी की नाही हा वादच नाही. तिची व्यवस्था कोण, कशी आणि कोणासाठी करतो, हा खरा वाद आहे. दत्तोपंत ठेंगडी यांनी हा विचार कामगार क्षेत्रात पुढे नेला. कामगाराचा श्रम हेही एक भांडवलच आहे, त्याचे मोल भागाच्या रूपात व्हावे आणि कामगाराने भागधारक म्हणून उद्योगात बसावे, अशी त्यांची मांडणी होती. सरकारीकरण हा त्यांच्या दृष्टीने उपाय नव्हता, कारण त्यात एका मालकाच्या जागी दुसरा, अधिक दूरचा मालक येतो.

या कसोटीवर साखर उद्योगातील नफ्याचे सूत्र तपासून पाहू. २००९ मध्ये केंद्र सरकारने किमान वैधानिक दराऐवजी रास्त व किफायतशीर दर, म्हणजेच आपल्या सर्वांच्या तोंडी बसलेली एफआरपी, आणली. जोखीम आणि नफा यांचा वाजवी अंश या दरातच धरला आहे, असे म्हणून ५-अ कलम काढून टाकण्यात आले. वरकरणी हे सोयीचे वाटले. शेतकऱ्याला एकदाच निश्चित दर मिळणार होता. पण त्याचा अर्थ असा झाला की, १९७४ ते २००९ अशी ३५ वर्षे वर्षाअखेरच्या नफ्यावर कायद्याने असलेला शेतकऱ्याचा निम्मा हक्क एका फटक्यात गेला. २००९-१० साठी एफआरपी क्विंटलला १२९ रुपये ८४ पैसे होती, २०२५-२६ साठी ती ३५५ रुपये झाली. आकडा वाढला, यात शंका नाही. पण तो विक्रेत्याचा आकडा आहे, मालकाचा नव्हे. शिवाय आपल्याकडे तोडणी-वाहतुकीचा खर्च यातूनच वजा होतो आणि उताऱ्याचा पायाही २००९ मधील साडेनऊ टक्क्यांवरून सव्वादहा टक्क्यांवर गेलेला आहे, हे दोन आकड्यांची तुलना करताना विसरता कामा नये.

२०१२ मध्ये रंगराजन समितीने वाट्याची कल्पना पुन्हा आणली आणि महाराष्ट्राने २०१३ मध्ये त्यावर कायदा केला. साखर आणि तिची प्राथमिक उपउत्पादने, म्हणजे मळी, बगॅस आणि प्रेसमड, यांच्या एकूण महसुलाचा ७० टक्के किंवा नुसत्या साखरेच्या महसुलाचा ७५ टक्के वाटा ऊस उत्पादकाचा, असे हे सूत्र. विचार उत्तम होता. गोम आहे ती ‘प्राथमिक’ या शब्दात. मळीची किंमत सूत्रात धरली जाते, पण त्या मळीपासून होणाऱ्या इथेनॉलचा नफा धरला जात नाही. बगॅसची किंमत धरतात, पण त्यावर तयार होणाऱ्या विजेचा नफा नाही. आता मळी विकत कोण घेतो? पुष्कळदा कारखान्याचीच आसवनी. विकणारा आणि घेणारा एकच असेल, तर भाव कसा ठरत असेल, हे सांगण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

येथे सार्वजनिक गुंतवणुकीचा प्रश्न नव्याने उभा राहतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे धोरण राष्ट्रहिताचे आहे. त्यामुळे परकीय चलन वाचते, साखरेचे अतिरिक्त साठे कमी होतात आणि कारखान्यांना रोख पैसा लवकर मिळतो. २० टक्के मिश्रणाचे लक्ष्य २०२५ मध्ये गाठले गेले, ही सामान्य कामगिरी नव्हे. परंतु या यशामागे कोणाचा पैसा आहे? २०१८ च्या योजनेनुसार आसवनी प्रकल्पांच्या कर्जावर ६ टक्के किंवा व्याजाचा निम्मा भाग, यांपैकी जो कमी असेल तेवढा, पाच वर्षे केंद्र सरकारने सोसला. माल घेण्याची हमी सार्वजनिक तेल कंपन्यांची. दर सरकारने ठरविलेला. उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलला लिटरला ६५ रुपये ६१ पैसे. बाजारातील जोखीम बरीचशी समाजाने उचलली आहे. (डिसेंबर २०२३ मध्ये रसापासूनच्या इथेनॉलवर अचानक निर्बंध आले, तेव्हा कारखान्यांना फटका बसला, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.) मग या नफ्यात ऊस पिकविणाऱ्याचा वाटा कायद्याने का नसावा? ज्या सहकारी कारखान्यात संचालक मंडळ सचोटीचे आहे, तेथे हा नफा अंतिम दरातून शेतकऱ्यापर्यंत पोहोचतो. पण न्याय हा संचालकाच्या सचोटीवर सोडून द्यायचा नसतो, त्यासाठी तर कायदा असतो.

शेतकऱ्याला त्याचा निर्विवाद हक्कही किती झगडून मिळतो, याचे उदाहरण ताजेच आहे. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपी द्यावी आणि उशीर झाल्यास १५ टक्के व्याज द्यावे, असे नियंत्रण आदेश सांगतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये तत्कालीन महाविकास आघाडी सरकारने ती दोन हप्त्यांत देण्यास मुभा देणारा निर्णय काढला. माजी खासदार राजू शेट्टी न्यायालयात गेले आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरविला. शेट्टी यांच्या राजकारणाशी आपले कितीही मतभेद असोत, या लढ्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

आतापर्यंत ज्याचे नावही आले नाही, असा एक घटक उरतो. बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बैलगाड्या आणि ट्रॅक्टर भरून माणसे निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत थंडीत पहाटेपासून उसाच्या फडात राबायचे. मुलांची शाळा अर्ध्यावर सुटते. १९७४ चे सूत्र असो, २०१३ चे असो, नफ्याच्या वाटपात हा माणूस कोठेही नाही. तो ना कारखान्याचा कामगार, ना शेतकऱ्याचा, ना मुकादमाचा. हिशेबापुरता तो ‘तोडणी खर्च’ आहे. जानेवारी २०२४ च्या समझोत्यात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या महामंडळासाठी कारखान्यांनी प्रतिटन १० रुपये द्यावेत आणि तेवढीच भर सरकारने घालावी, अशी रचना झाली. चांगलेच झाले. पण ही मदत आहे, वाटा नव्हे. ठेंगडींच्या शब्दांना आपण खरोखर मान देत असू, तर तोडणी कामगाराच्या श्रमाचे मोल महसुली वाटपाच्या सूत्रात एक स्वतंत्र टक्केवारी म्हणून येणे हाच अंत्योदय आहे. ती टक्केवारी शेतकऱ्याच्या सत्तरातून जावी की कारखान्याच्या तीसातून, यावर भांडण होईल. ते व्हावे. ज्यावर भांडण होते, तो विषय निदान कार्यक्रमपत्रिकेवर तरी येतो.

आता थोडे आपल्या घरातले. जुलै २०२१ मध्ये केंद्रात स्वतंत्र सहकार मंत्रालय झाले. ऑक्टोबर २०२१ मध्ये, राज्य सरकारने ठरविलेला किंवा मान्य केलेला दरही उसाचा खर्च म्हणून धरावा, असा खुलासा प्राप्तिकर विभागाकडून आला. त्यानंतर २०२३ चा १०,००० कोटींचा दिलासा आला. राष्ट्रीय सहकार विकास निगमाला १,००० कोटी रुपये अनुदान देऊन, त्या बळावर सहकारी कारखान्यांना १०,००० कोटींपर्यंत कर्ज देण्याची योजना आली. ज्या कारखान्यांचे नेतृत्व वर्षानुवर्षे आपल्या विचारांचा उपहास करीत होते, त्यांनाही हा लाभ मिळाला, हे सरकारच्या मोठ्या मनाचे लक्षण होय.

परंतु हे दिलासे देताना एक संधी निसटली, असे माझे मत आहे. इतका मोठा सार्वजनिक पैसा सोडताना अटी घालता आल्या असत्या. मळीच्या अंतर्गत दराचे स्वतंत्र लेखापरीक्षण, बिनपरतीच्या ठेवींचे भागांत रूपांतर, कारखाना अडचणीत आल्यास सभासदांना तो घेण्याचा किंवा भाड्याने चालविण्याचा पहिला हक्क आणि सरकारी भागभांडवलाच्या परतफेडीचे जाहीर वेळापत्रक, एवढे जरी घातले असते तरी पुष्कळ झाले असते. अटीविना दिलेला पैसा संस्थेला जात नाही, संस्थेच्या चालकाला जातो, हा सत्तर वर्षांचा अनुभव आहे. त्यातच निगमाच्या कर्जाला राज्याची हमी कोणाला मिळते आणि कोणाला मिळत नाही, यावरून ग्रामीण भागात कुजबुज असते. अमुक नेत्याने पक्ष बदलला, म्हणून त्याच्या कारखान्याला हमी मिळाली, असे लोक बोलतात. ते खरे असो वा नसो, सरकारने हमी देण्याचे निकष आणि प्रत्येक कारखान्याचे गुणांकन जाहीर करावे, म्हणजे कुजबुजीला जागा राहणार नाही. काँग्रेसच्या काळात आपण हीच मागणी करीत होतो. सत्तेत आपली माणसे आहेत, म्हणून ती मागे घेण्याचे कारण काय?

शेजारच्या गुजरातेत बारडोली, गणदेवी येथील सहकारी कारखाने हंगामानंतर हिशेब करून हप्त्याहप्त्याने अंतिम दर देतात आणि त्या दराची चर्चा आपल्याकडील ऊस परिषदांत दरवर्षी होते. तेथे सगळे आलबेल आहे असे नाही. तोडणी कामगाराची दशा तेथेही फार वेगळी नाही. पण सभासद तेथे दराची वाट मालकाच्या अधिकाराने पाहतो. लक्ष्मणराव इनामदार यांनी सहकार भारतीची स्थापना करताना संस्काराविना सहकार नाही, हे सूत्र दिले. ते स्वतः सातारा जिल्ह्यातील खटावचे आणि त्यांचे जीवनकार्य गुजरातेत झाले, हा योगायोग सूचक आहे. अर्थात संस्कार हे काही केवळ संचालकांवर करायचे नसतात. प्रश्न विचारणारा सभासद हाही संस्काराचाच परिणाम असतो.

सहकारी कारखान्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत होतात. बहुतेक ठिकाणी त्या ‘मंजूर, मंजूर’च्या घोषात अर्ध्या तासात आटोपतात. सभेपूर्वी अहवाल सभासदाच्या घरी येतो, तो चहाच्या कपाखाली जातो. ऊसपट्ट्यात आपले कितीतरी कार्यकर्ते आहेत, अनेकांच्या घरी कारखान्याचा भाग आहे. त्यांनी यंदा अहवाल उघडून तीनच गोष्टी पाहाव्यात. आसवनीला मळी प्रतिटन कोणत्या दराने दिली आणि त्याच महिन्यात बाहेर काय दर होता. बिनपरतीच्या ठेवींची एकूण रक्कम किती आणि ती ताळेबंदात कोणत्या शीर्षाखाली दाखविली आहे. सरकारी भागभांडवल किती शिल्लक आहे आणि गेल्या पाच वर्षांत त्यातले किती परत केले. प्रश्न लेखी द्यावेत, सभेच्या आठ दिवस आधी, आणि त्याची पोच घ्यावी. तोंडी विचारलेल्या प्रश्नाच्या वेळी ध्वनिक्षेपक नेमका बंद पडतो.